घरात काडतुसं किती ठेवायची? आकडा नंतर सांगते, आधी कपाटाची किल्ली

पत्र:
"ताई, नमस्कार. माझ्याकडे दोन बंदुका आहेत, पॉइंट २२ ची रायफल आणि एक बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक, दोन्ही लायसन्सवर. दर शनिवारी रेंजवर शंभरेक राउंड मारतो, आणि महिन्यातून एकदा स्कीट (उडत्या तबकड्यांवर नेम) खेळतो त्यात पन्नास काडतुसं जातात. घरात सध्या पॉइंट २२ चे साडेचार हजार राउंड, बारा बोअरची सहाशे काडतुसं, आणि बाबांच्या वीस बोअरची दोन-तीन पाकिटं आहेत (ती बंदूक बाबा गेल्यावर विकली, पाकिटं राहिली). सगळं बेडरूममधल्या कपाटावर ठेवलंय. क्लबातले सीनियर म्हणतात प्रत्येक कॅलिबरचे (मापाचे) दहा हजार तरी पाहिजेत, कधी मिळायचं बंद होईल सांगता येत नाही, आणि आता रीलोडिंग (वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरणं) पण सुरू कर म्हणतात. बायको म्हणते आग लागली तर अख्खी बिल्डिंग उडेल, निम्मं काढून टाक. मुलगा चौदा वर्षांचा आहे पण समजूतदार आहे, हात लावत नाही. मेहुणा पण दोन महिने आमच्याकडेच आहे, त्याची नोकरी गेली, त्यात बायको सोडून गेली, फारसं बोलत नाही, दिवसभर घरीच असतो. तर नक्की किती ठेवणं बरोबर?"

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी पॉइंट २२ च्या आकड्यावर अडकले नाही, बारा बोअरच्या पण नाही, मी अडकले ते मेहुण्यावर. तुम्ही त्याचं नाव सगळ्यात शेवटी, जाता जाता घेतलंत, आणि मला वाटतं तुम्हालाही आत कुठेतरी ते खुपतंय म्हणूनच ते वाक्य पत्रात आलं, नाहीतर काडतुसांच्या हिशोबात मेहुण्याचं काय काम?

म्हणून आधी तेच. ज्या माणसाची नोकरी गेलीये, संसार मोडलाय, जो बोलत नाही आणि दिवसभर घरात एकटा असतो, त्याच घरात दोन बंदुका आणि कपाटावर उघड्यावर पाच हजारांच्या वर राउंड. मी काही तुमच्या मेहुण्याला ओळखत नाही, कदाचित तो फक्त थकला असेल, चार दिवसांनी उठून इंटरव्ह्यूला जाईल. पण या बाबतीत "कदाचित" वर राहायचं नसतं. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नात दहातले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत, बाकी बऱ्याच मार्गांमध्ये वाचणाऱ्यांचं प्रमाण खूप जास्त असतं, आणि तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचाच असतो, तो टळला की माणूस वाचतो. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं असतं.

तेव्हा आज संध्याकाळी करायचं काम असं, की बंदुका आणि काडतुसं, निदान काडतुसं तरी, काही महिन्यांसाठी घराबाहेर हलवा. क्लबच्या आर्मरीत (शस्त्रांच्या कोठीत) ठेवता येतात का विचारा, लायसन्सधारक डीलर बऱ्याच ठिकाणी सांभाळायला घेतात, काही ठिकाणी पोलीस घेतात. तुमच्या भागात काय कायदेशीर आहे ते आधी फोन करून विचारा, कारण मित्राच्या घरी नेऊन ठेवणं हा पुष्कळ ठिकाणी वेगळाच गुन्हा होतो. ते होईपर्यंत सगळं कुलपात, आणि किल्ली तुमच्या खिशात. ड्रॉवरमध्ये नाही, देवघराच्या मागे नाही, घरातल्या माणसाला त्या जागा आपल्यापेक्षा चांगल्या माहिती असतात.

आणि मेहुण्याशी बोला. सरळ विचारा, की तुला जगणं नकोसं वाटतंय का, जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो असं लोक समजतात, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या, हेल्पलाइनला फोन लावा. नाही म्हणाला तरी काडतुसं बाहेरच राहू देत. त्याला ते लपवून ठेवायची पण गरज नाही, "तू बरा होईपर्यंत मी हे बाहेर ठेवतोय" एवढं सांगितलं तरी चालतं, राग आला तर येऊ दे.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे सैनिक आपली सर्व्हिस रायफल घरी ठेवतात आणि पूर्वी सोबत ५० राउंडचा एक सीलबंद डबा पण घरी असायचा. २००७ मध्ये तिथे ठरलं की हा डबा घरात नको, आणि पुढच्या काही वर्षांत सरकारने ते जवळपास सगळे डबे परत गोळा केले. म्हणजे ट्रेनिंग घेतलेला माणूस, सीलबंद डबा, फक्त पन्नास राउंड, तरी नको म्हणाले. आणि त्याच्या आधी २००३ मध्ये तिथल्या सैन्याची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली गेली, घराघरातल्या बंदुका कमी झाल्या, तर सैन्यात असायच्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या कमी झाल्याचं संशोधकांना दिसलं. मी काय म्हणते ते लक्षात येतंय ना, पन्नास आणि पाच हजारात या कामासाठी काहीच फरक नाही. चुकीच्या हातात एक राउंड पण जास्तच आहे.

मुलाबद्दल. चौदा वर्षांचा आहे, समजूतदार आहे, हात लावत नाही, हे सगळं मान्य. पण तुम्ही घरी नसताना त्याचे मित्र येतात ना? आणि चौदाव्या वर्षी परीक्षेत नापास झालेला, कोणाशी तरी भांडून आलेला मुलगा पण समजूतदारच असतो आदल्या दिवसापर्यंत. अमेरिकेत २००५ मध्ये यावर एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात चार गोष्टी बघितल्या होत्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या जागी. या चारपैकी प्रत्येक गोष्टीचा संबंध लहान आणि टीनएजर मुलांच्या बाबतीतला धोका कमी असण्याशी दिसला. तुमच्याकडे काडतुसं कुलपात नाहीत, म्हणजे तिथे तर सरळ फुली आहे. बंदुकांचं तुम्ही लिहिलंच नाहीत, त्या तरी कुलपात आहेत असं मी धरून चालते.

आता तुमचा आकडा.

सगळ्यात आधी लायसन्स काढून वाचा. तुम्ही कुठल्या देशात राहता ते लिहिलं नाहीत, आणि यात देशागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतात लायसन्सवरच लिहिलेलं असतं की एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची, खेळाडूंसाठीची मर्यादा वेगळी असते. ब्रिटनमध्ये रायफलच्या सर्टिफिकेटवर कॅलिबरप्रमाणे एका वेळी किती विकत घ्यायचे आणि जास्तीत जास्त किती जवळ ठेवायचे हे दोन्ही आकडे असतात, शॉटगनच्या साध्या काडतुसांना मात्र असा आकडा नसतो. जर्मनीत काडतुसं कुलूपबंद पोलादी पेटीत ठेवायची असा नियम आहे. आणि अमेरिकेत केंद्राच्या कायद्यात किती ठेवायची याला मर्यादाच नाही, म्हणूनच तिकडचे लोक ऑनलाइन दहा-दहा हजाराच्या गप्पा मारतात आणि आपल्याकडचे सीनियर ते वाचून क्लबात सांगतात. तुमच्या लायसन्सवर आकडा असेल तर विषय तिथेच संपला, त्याच्यावर एक राउंड पण नको, आणि क्लबातला कोणी "कोण मोजायला येतंय" म्हणाला तर त्याला म्हणावं केस झाली की वकिलाची फी तू भर.

आकडा नसेल, किंवा भरपूर मोठा असेल, तर मग आपण किती वापरतो यावरून ठरवायचं. तुमचाच हिशोब करू. आठवड्याला शंभर म्हणजे साडेचार हजार पॉइंट २२ तुम्हाला दहा-अकरा महिने पुरतात. स्कीटची महिन्याला पन्नास म्हणजे सहाशे काडतुसं बरोबर एक वर्ष. खरं सांगू का, मला हे काही वेड्यासारखं जास्त वाटत नाही. वहिनींना आवडणार नाही हे वाक्य, पण पॉइंट २२ चे लोक मुद्दाम एकाच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) राउंड जास्त घेऊन ठेवतात हे मी स्वतः शूटिंग करते म्हणून मला माहितीये. त्याला कारण आहे. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे राउंड, पण लॉट नंबर बदलला की तुमच्या रायफलमधून ग्रुप (निशाणावरच्या भोकांचा पुंजका) वेगळा पडतो, म्हणून मॅच खेळणारी माणसं चार-पाच लॉट टेस्ट करतात, सगळ्यात घट्ट ग्रुप देणारा लॉट निवडतात आणि सीझनभराचा साठा त्यातूनच उचलतात. ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) मॅचमध्ये ६० मोजायचे शॉट असतात, वर सायटर्स (न मोजायचे चाचणीचे शॉट), आणि एका मॅचसाठी कितीतरी पट प्रॅक्टिस, त्यामुळे हजारांचे आकडे पटकन होतात.

पण तुम्ही मॅच खेळत असाल असं पत्रावरून वाटलं नाही, तुम्ही शनिवारचे शूटर आहात, आणि शनिवारच्या शूटरला तीन-चार महिन्यांचा साठा खूप झाला. म्हणजे पॉइंट २२ चे दीडएक हजार आणि बारा बोअरची दोनशे. आता जे आहे ते फेकून द्या असं म्हणत नाहीये मी, नवीन घेणं थांबवा आणि आहेत ते मारत मारत खाली आणा. जुने आधी, नवीन नंतर. वहिनी म्हणतात निम्मं काढून टाक, ते सहा महिन्यांत आपोआप होईल.

आणि ते दहा हजार. पॉइंट २२ चे दहा हजार तुम्हाला जवळजवळ दोन वर्षं पुरतील. बारा बोअरचे दहा हजार म्हणजे तुमच्या वेगाने सोळा वर्षांच्या वर, आणि वजन बघा, पंचवीसच्या एका बॉक्सचं वजन साधारण एक किलो शंभर-दीडशे ग्रॅम भरतं, असे चारशे बॉक्स, साडेचारशे किलो! कुठे ठेवणार आहात? सीनियरना विचारा त्यांच्याकडे खरंच तेवढे आहेत का, मला शंका आहे.

कधी मिळायचं बंद होईल ही भीती मात्र अगदी खोटी नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये पॉइंट २२ दुकानातून गायब झाले होते, नंतर २०२० च्या साथीच्या काळात पुन्हा सगळ्याच कॅलिबरची तशीच बोंब झाली. पण त्यात एक गंमत होती, की टंचाई बरीचशी लोकांनीच केली होती, कायदा बदलणार अशी हवा, त्यात रिकामं शेल्फ दिसलं, की दिसेल ते उचल, मग दुसऱ्याला शेल्फ रिकामं दिसलं, त्यानेही उचललं, असं चक्र. ज्याला महिन्याला चारशे लागतात त्याने चार हजार घेतले की दुसऱ्या नऊ जणांचा शनिवार गेला. तीन-चार महिन्यांचा साठा अशा धक्क्यातून माणसाला बऱ्यापैकी बाहेर काढतो, आणि अगदीच नाही मिळाले तर काही महिने एअर रायफल आणि ड्राय फायर, म्हणजे राउंड न घालता नुसता चाप ओढायचा सराव (रायफलला चालत असेल तर, पॉइंट २२ मध्ये स्नॅप कॅप, म्हणजे खोटं काडतूस घालून), त्याने नेम सुधारतोच.

आता बाबांची वीस बोअर. याबद्दल मला मेहुण्याखालोखाल काळजी वाटली, आणि तुम्ही ती कंसात टाकलीत! ऐका नीट. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरपेक्षा (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेपेक्षा) बारीक असतं, चुकून बारा बोअरमध्ये घातलं तर ते मागे अडकून राहत नाही, पुढे घसरतं आणि नळीत थोडं पुढे जाऊन बसतं. तुम्ही चाप ओढता, नुसतं टिक. बंदूक उघडता, चेंबर रिकामं दिसतं, तुम्हाला वाटतं अरे घालायचंच राहिलं की काय, मग त्यात बारा बोअरचं काडतूस घालता, ते अगदी नीट बसतं, आणि चाप ओढता. आता नळीत पुढे एक अख्खं काडतूस अडकलेलं आहे आणि मागून दुसरं सुटलंय. नळी फुटते, आणि फुटते ती बरोबर तिथे जिथे आपला पुढचा हात असतो. या एका कारणासाठी आता वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात, म्हणजे बघितल्या बघितल्या कळावं. पण बाबांची जुनी पाकिटं, तो रंग असेलच असं नाही.

आणि साठा मोठा झाला की हेच होतं. आग-बिग नंतरची गोष्ट, आधी सरमिसळ होते. चार बॉक्स असतात तोपर्यंत आपल्याला पाठ असतं कुठे काय आहे, चाळीस झाले की एक पाकीट फाटतं, सुटे राउंड डब्यात जातात, त्या डब्यात मागच्या वर्षीचे सुटे असतात, रेंजवर घाईत मूठभर खिशात घालतो, झालं. म्हणून सुटं काही ठेवायचं नाही, बिस्किटाच्या डब्यात तर अजिबात नाही. कंपनीच्या मूळ पाकिटातच ठेवायचं, त्यावर कॅलिबर असतं, लॉट नंबर असतो, उद्या कंपनीने तो लॉट परत मागवला (असं होतं) तर तुम्हाला कळणार कसं? एक कॅलिबर एक पेटी, पेटीवर मोठ्या अक्षरात नाव. आणि एक साधी वही, तारीख, काय आलं, किती गेलं, किती उरलं. वही कंटाळवाणी वाटते, पण एखाद दिवशी एक पाकीट कमी भरलं तर ते कळण्याचा दुसरा काहीच मार्ग नाही, आणि तुमच्या घरात सध्या ते कळणं फार गरजेचं आहे.

वीस बोअरचं काय करायचं तर ती घरातून बाहेर. जी बंदूक तुमच्या लायसन्सवर नाही तिची काडतुसं जवळ असणं हा बऱ्याच देशांत सरळ गुन्हा आहे, बाबांची होती म्हणून सूट मिळत नाही. कचऱ्यात टाकू नका, पुरू नका, नदीत फेकू नका, हातोडीने उघडायला तर जाऊच नका. डीलरला किंवा पोलीस स्टेशनला आधी फोन करा, असं असं आहे, कसं आणू, आणि ते सांगतील तसंच न्या. पिशवीत काडतुसं घेऊन अचानक पोलीस स्टेशनात शिरायचं नाही, एवढं तर तुम्हाला कळतंच.

जागा. कपाटावर नको. मी वजन काढलं, तुमची सहाशे काडतुसं साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलो आणि पॉइंट २२ चे पंधराएक किलो, म्हणजे चाळीस किलोच्या वर वजन कपाटाच्या डोक्यावर आहे, खाली तुम्ही झोपता. शिवाय वर छताजवळ गरम हवा साठते. काडतुसाचा खरा शत्रू वय नाही, उष्णता आणि दमट हवा. आतली दारू नायट्रोसेल्युलोजची असते, ती हळूहळू विघटन पावत असते आणि ते आटोक्यात ठेवायला त्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो, उष्णतेत तो लवकर संपतो. थंड, कोरड्या जागी ठेवलेली चांगल्या कंपनीची काडतुसं काही दशकं सहज टिकतात, दुसऱ्या महायुद्धातले राउंड आजही लोक मारतात आणि उडतात. तेच गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवले तर भरवसा नाही. तेव्हा खालच्या बाजूला, पण जमिनीला टेकून नाही, भिंतीपासून थोडं सुटं, एक साधं कुलूपबंद लोखंडी कपाट, आत रबरी गॅस्केटवाल्या पेट्या, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी. बंदुकीच्या कपाटाची किल्ली वेगळी, याची वेगळी.

काडतुसांना तेल लावू नका, बारीक फटीत शिरणारे स्प्रे तर नकोच, ते प्रायमरपर्यंत (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत) जाऊन तो मारून टाकतात. पितळेवर हिरवट थर, फुगलेली किंवा चिरलेली केस (काडतुसाचं कवच), आत दबलेली किंवा हलणारी बुलेट, पाण्यात भिजलेलं पाकीट, हे सगळं बाजूला काढायचं आणि डीलरकडे द्यायचं. एक-दोन राउंड वाया जातात म्हणून जीव वर-खाली करणारी माणसं मी रेंजवर बघते, त्यांना एवढंच सांगायचं असतं की खराब राउंडने कधीकधी नुसता "फुस्स" असा आवाज येतो, बुलेट नळीतच अडकते, आणि पुढचा राउंड मारला की नळी जाते. आवाज वेगळा आला की थांबायचं, रिकामी करून नळी बघायची. आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी समोर सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, उशिरा सुटणारे राउंड असतात.

हं, आणि आता वहिनींसाठी, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

वहिनी, बिल्डिंग उडणार नाही. सिनेमात पेटी पेटते आणि धडाधड गोळ्या सुटतात तसं होत नसतं. गोळीला वेग येतो तो नळीमुळे, चेंबरमध्ये काडतूस चहूबाजूंनी घट्ट धरलेलं असतं म्हणून गॅसला पुढे जाण्याशिवाय वाट नसते. उघड्यावर पेटीत पडलेलं काडतूस तापून उडालं तर त्याची हलकी केसच फाटते आणि उडते, जड बुलेट जागच्या जागी किंवा जवळपास पडते. अमेरिकेत बंदूक आणि काडतूस बनवणाऱ्यांची सामी म्हणून संस्था आहे, तिने फायर ब्रिगेडवाल्यांसाठी मोठ्या प्रमाणावर काडतुसं जाळून, वरून पाडून, चिरडून बघितली आणि चित्रीकरण केलं, त्यात ढिगाचा एकदम स्फोट झाला नाही, पॉपकॉर्नसारखी एकेक करून फुटत राहिली, आणि उडणारे तुकडे फायरमनच्या नेहमीच्या गिअरने अडवले. म्हणजे धोका शून्य नाही, उघड्या डोळ्याला आणि चेहऱ्याला ते तुकडे लागू शकतात, म्हणून आगीत काडतुसं वाचवायला कोणी आत जायचं नाही, सगळ्यांनी बाहेर.

आगीत खरी भीती भरलेल्या बंदुकीची. चेंबरमध्ये राउंड असेल आणि तो तापून उडाला तर ती गोळी अगदी नेहमीसारखी नळीतून सुटते, भिंतीपलीकडे कोण आहे ते तिला दिसत नाही. म्हणून घरात भरलेली बंदूक नको, कधीच नको. आणि फायर ब्रिगेड आली की दारातच सांगायचं, अमुक खोलीत अमुक कोपऱ्यात काडतुसं आहेत, बंदुका रिकाम्या आहेत. घराच्या इन्शुरन्सची पॉलिसी पण एकदा बघून घ्या, काही ठिकाणी साठ्याबद्दल अट असते, भाड्याचं घर असेल तर अॅग्रीमेंट.

राहिलं रीलोडिंग. मुळात तुम्हाला ते कशाला हवंय कळलं नाही, पॉइंट २२ रिमफायर आहे, म्हणजे प्रायमर बुडाच्या कडेतच असतो, तो घरी रीलोड करायच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि महिन्याला पन्नास स्कीटच्या काडतुसांसाठी मशीन, प्रायमर, दारू, छर्रे, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती), तराजू घेऊन बसणं म्हणजे हौस आहे, बचत नाही. हौस वाईट नसते, पण तयार काडतूस आणि सुटी दारू या आगीच्या दृष्टीने फार वेगळ्या गोष्टी आहेत. सुटी दारू मोकळ्यावर भकभकून जळते आणि जाड पोलादाच्या घट्ट बंद पेटीत कोंडली तर शिट्टी बंद केलेल्या कुकरसारखं होतं, म्हणून ती कंपनीच्या मूळ डब्यातच ठेवतात, जो दाब आला की लवकर फाटावा असाच बनवलेला असतो. अमेरिकेतल्या फायर कोडमध्ये घरात २० पौंडांपर्यंत, म्हणजे नऊ किलोपर्यंत धूरविरहित दारू मूळ डब्यात ठेवायला चालते, त्याच्या वर ५० पौंडांपर्यंत असेल तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर दहा हजारांच्या आत. बहुतेक तुमच्या सीनियरनी "दहा हजार" तिथूनच कुठून तरी उचलला असेल! भारतात तर रीलोडिंगचं साहित्य परवानगीशिवाय जवळ ठेवायचा विचारही करू नका.

पण तुम्ही कुठेही असा, या वर्षी रीलोडिंग नको. मेहुणा त्याच्या घरी जाऊ दे, त्याचं काम लागू दे, मुलगा अजून थोडा मोठा होऊ दे, तुमचं लोखंडी कपाट आणि वही दोन्ही सुरू होऊन काही महिने जाऊ देत, मग परत लिहा, सांगते. आणि मेहुण्याशी बोलणं झालं की त्याबद्दलही चार ओळी कळवा, त्या छापणार नाही.